अण्णांनी कानाची मशीन पुन्हा डब्यात टाकली, काय करावं?

गोदाकाठ (धागा सुरू केला)

मंडळी नमस्कार. गंगाखेडजवळच्या गावातून लिहायलोय. आमचे अण्णा ७६ वर्षांचे. तीन-चार वर्षांपासून ऐकू कमी यायलं होतं, गेल्या वर्षी तालुक्याबाहेर नेऊन तपासलं, दोन्ही कान ६० डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप) आसपास निघाले, कानामागं बसणारी मशीन घेतली, उजव्या एकाच कानाची, दोन्हीचे पैसे तेव्हा जमले नाहीत. दुकानदारानं दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं, सेल असा घाला, आवाज इथून वाढवा, झालं. पुन्हा या असं काही म्हणाला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पहिले पंधरा-वीस दिवस अण्णांनी घातली. मग कुरकुर सुरू झाली, शिट्टी मारती, भांड्याचा आवाज डोक्यात जातो, माणसाचं बोलणं मात्र कळत नाही. दिवाळीपासून मशीन पानाच्या डब्यात, सुपारीच्या शेजारी. परवा मी काढून बघितली तर सेल आतच होता, झाकण बंद, सेलवर पांढरी भुकटी जमलेली.

मला ज्याचं वाईट वाटलं ते सांगतो. पोरीच्या लग्नाची बैठक होती, ओसरीवर पाहुणे बसले होते, कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. अण्णा पण हसले. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. आमच्या घरातला मोठा माणूस, याद्या त्यांच्या हातानं व्हायच्या, आणि त्या दिवशी त्यांना कुणी काही विचारलंच नाही. विचारलं तर ओरडून सांगावं लागतं म्हणून कुणी विचारत नाही, मी पण त्यातच आलो.

मशीन खराब झाली का? मशीनमधून कानात आवाज नेणारी नळी पिवळी पडलीय आणि कडक झालीय. ती शिट्टी कशानं येती? आणि उन्हाळ्यात आपल्याकडं एवढा घाम, त्यात ही मशीन टिकती का? ज्यांच्या घरात कुणी वापरतंय त्यांनी कृपया लिहा.

मोंढा_रोड

आमच्याकडं हेच झालं, बाबांनी मशीन दोन महिन्यांत कपाटात टाकली. वाचतोय.

गुरुजी_अंबाजोगाई

गोदाकाठ, मी स्वतः ११ वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन वापरतो. निवृत्त शिक्षक आहे, शेवटची चार वर्षं वर्गावर मशीन घालूनच शिकवलं. त्यामुळं थोडं लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी ती पांढरी भुकटी. सेल काढून टाका, पुन्हा वापरू नका. झाकणाच्या आत धातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात, त्या कोरड्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं झाडा. पाणी नको, स्पिरिट नको, टोकदार काही नको. नवीन सेल टाकून बघा. मशीन तळहातावर घेऊन मूठ अर्धी मिटली की बारीक कुईं असा आवाज आला पाहिजे. आला तर मशीन जिवंत आहे, निम्मी काळजी मिटली.

सेलचं सांगतो कारण दुकानात हे कुणी समजावत नाही. हे सेल हवेवर चालतात. सपाट बाजूला बारीक भोकं असतात, त्यावर रंगीत स्टिकर असतो. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. काढल्या काढल्या मशीनमध्ये कोंबायचा नाही, दोन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग घालायचा. आणि एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून काही वाचत नाही, सेल उतरत राहतो. रंगावरून माप कळतं, पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. कानामागच्या मशीनला बहुतेक १३ नाहीतर ६७५ लागतो. दिवसभर वापरली तर माझा १३ नंबर दहा-बारा दिवस जातो. झाकण लागत नसेल तर सेल उलटा बसलाय, जोर लावू नका, झाकणाची कडी मोडते आणि मग खर्च.

एक सवय लावून घ्या, काढलेला स्टिकर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला चिकटवायचा. सेल कधी घातला हे डोक्यात ठेवावं लागत नाही, आणि एखादा सेल चारच दिवसांत संपला तर लगेच दिसतं.

रात्री झोपताना मशीन काढायची, कोरड्या सुती फडक्यानं पुसायची, झाकण उघडायचं, सेल बाहेर काढून बाजूला ठेवायचा आणि मशीन खड्यांच्या डबीत. ते निळे खडे ओल ओढतात, गुलाबी झाले की बदलायचे. सेल डबीत टाकायचा नाही, तो सुकतो. पानाच्या डब्यात तर अजिबात नको, कात-चुना आणि ओल्या पानाची ओल, मशीनला याच्यासारखी वाईट जागा नाही. रागावून नाही सांगत, माझीही पहिली मशीन मी उशीखाली ठेवायचो.

नांदेडची_माय

गुरुजी छान लिहिलंत. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, दीड वर्षाचा असल्यापासून दोन्ही कानांना मशीन. मी फक्त एक गोष्ट जोर देऊन सांगते, घरात लहान लेकरं असतील तर सेल कुठंही पडू देऊ नका. वापरलेला पण नाही. हा सेल गिळला तर घरगुती काही करत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, त्याच मिनिटाला दवाखाना. आमच्या मशीनला झाकणाला लॉक आहे, लहान मुलांसाठी तसं मिळतं, मागून घ्यावं लागतं. मशीनला दोरी लावून शर्टाला क्लिप केलेली आहे म्हणून आजपर्यंत हरवली नाही, नाहीतर शाळेच्या मैदानात किती वेळा निघून पडलीय.

आणि साचा, म्हणजे नळीच्या टोकाचा, कानाच्या मापानं केलेला, कानात बसणारा भाग. कान वाढतो तसा लेकराचा साचा सैल होतो. लहान होता तेव्हा तीन-चार महिन्याला नवीन साचा घ्यावा लागायचा. सैल झाला की शिट्टी, आणि शिट्टी आली की घरचे म्हणायचे आवाज कमी कर. आवाज कमी केला की लेकराला ऐकूच येत नाही, मग मशीन घालून उपयोग काय! सासूबाईंना हे समजवायला मला वर्ष लागलं पण आता त्याच रोज सकाळी मशीन कानाला लावून बघतात.

कानतपासणी_लातूर

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवून देणारा, लातूरला काम करतो. गोदाकाठ यांच्या प्रश्नातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, "आवाज येतो पण बोलणं कळत नाही". ही तक्रार आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि घरच्यांना वाटतं म्हातारा माणूस मुद्दाम करायलाय. तसं नसतं. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. अ, आ, ओ हे जाड आवाज ऐकू येतात, स, श, त, क, फ गळून पडतात. म्हणजे "शेतात काय पेरलं" यातला सूर कळतो, शब्द कळत नाही. तुम्ही ओरडून बोलता तेव्हा जाड आवाजच आणखी वाढतो, बारीक अक्षरं तशीच राहतात, वर चेहरा रागावल्यासारखा दिसतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला, ओरडू नका. वाक्य कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगा.

आता शिट्टी. मशीनमधून कानात गेलेला आवाज कुठून तरी बाहेर गळतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, त्याची शिट्टी होते. गळती कुठं आहे ते शोधायचं. घरीच करा: मशीन कानातून काढा, चालू ठेवा, साच्याचं आत जाणारं भोक बोटाच्या टोकानं घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर नळी आणि मशीन ठीक, गळती कान आणि साच्याच्या मध्ये आहे, म्हणजे साचा सैल, नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे. भोक दाबूनही शिट्टी चालूच राहिली तर नळीला चीर आहे किंवा मशीनला जोडणारा हुक सैल झालाय. तुमची नळी पिवळी आणि कडक आहे म्हणताय, मला इथूनच नळीवर संशय आहे. नळी दर तीन ते सहा महिन्यांनी बदलायची असते. मशीनसमोर तिची किंमत काहीच नाही, पण लोक दोन-दोन वर्षं तीच ठेवतात आणि मशीन बिघडली म्हणतात.

मळ असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरकडूनच काढून घ्या. काडी, पिन, गरम तेल काही नको. कान वाहत असेल तर त्या कानात साचा घालू नका, आधी डॉक्टर.

आणि हो, मशीन आता संगणकाला जोडून सेट करतात. पहिल्या दिवशीची सेटिंग शेवटची नसते. भांड्याचा आवाज टोचतोय हे सांगितलं तर तेवढा कमी करता येतो. त्यासाठी परत जावं लागतं, आणि कुणी "परत या" म्हटलं नाही तर तो तुमचा दोष नाही.

मोंढा_रोड

बोट दाबून आत्ताच बघितलं, आमच्या बाबांच्या मशीनची शिट्टी थांबली. म्हणजे साचा?

कानतपासणी_लातूर

आधी साचा नीट आत बसतोय का बघा. वरचं टोक कानाच्या घडीखाली गेलं पाहिजे, बऱ्याच जणांचं ते बाहेरच राहतं. साचा आधी कानात, मशीन नंतर कानामागं. तरी आली तर मळ बघून घ्या. वजन कमी झालं असेल तरी साचा सैल पडतो.

मोंढा_रोड

बाबांचं वजन आजारपणात बारा किलो उतरलं. हे कधी डोक्यातच आलं नाही.

बालाघाट_बीड

माझं मत थोडं वेगळं आहे, कुणाला वाईट वाटू नये. माणसाला नको असेल तर मशीनची जबरदस्ती करू नये. माझ्या चुलत्यांना आम्ही रोज म्हणायचो घाला घाला, ते घालायचे आणि बंद ठेवून बसायचे. सत्तरीतल्या माणसाला शांत बसू द्यावं.

गुरुजी_अंबाजोगाई

बालाघाट, तुमची भावना कळते पण मला हे पटत नाही. बाहेरून जे शांत बसणं दिसतं ते आतून शांत नसतं. मशीन घेण्याआधीची दोन वर्षं मी शिक्षकांच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचो, वाचायचो नाही. कुणी बोलायला आलं तर काय उत्तर द्यावं याची भीती वाटायची. तुमचे चुलते बंद मशीन घालून बसायचे म्हणजे त्यांना मशीनचा त्रास होत होता आणि तुम्हाला नाराजही करायचं नव्हतं. कामून त्रास होतोय हे कुणी विचारलं होतं का?

जबरदस्ती नको हे खरं. पहिल्या आठवड्यात दिवसातून एक-दोन तास, घरात, एका माणसाशी बोलताना. मग टीव्ही. मग ओसरी. बाजार आणि लग्न शेवटी. मेंदूला जे आवाज वर्षानुवर्षं मिळाले नाहीत ते एकदम आले की टोचतातच, काही आठवडे जाऊ द्यावे लागतात.

बालाघाट_बीड

नाही, विचारलं नव्हतं. चुलते आता नाहीत. बरं झालं लिहिलंत.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला आठ दिवस लागले, सोयाबीनची मळणी चालू होती.

भोक दाबून बघितलं, शिट्टी चालूच. मग नळी उजेडाकडं धरून बघितली. वळणावर पाण्याचा एक थेंब अडकलेला, मोहरीएवढा, हलवला की तिथंच लोंबकळायचा. आणि हुकाजवळ नळीला केसासारखी चीर, नखानं दाबल्यावर उघडायची. मशीन घातली तेवढे दिवस अण्णा त्या चिरेतून आणि त्या थेंबातून ऐकत होते आणि आम्ही म्हणायचो तुम्ही लक्ष देत नाहीत.

एक विचारायचं राहिलं, साचा कसा धुवायचा? आणि उन्हाळा, मळणीची धूळ?

नांदेडची_माय

मी आठवड्याला करते ते सांगते. मशीनला पाणी लागू द्यायचं नाही हे आधी. हुक एका हातात धरायचा, नळी दुसऱ्या हातानं हळू ओढून हुकापासून सोडवायची. मशीन बाजूला, कोरड्या जागी. नळी आणि साचा कोमट पाण्यात, साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. मग स्वच्छ पाणी. नळीतलं पाणी काढायला रबरी फुगा मिळतो, दाबला की हवा मारतो, त्यानं. तोंडानं फुंकायचं नाही, तोंडाच्या वाफेची ओल आत जाते. रात्रभर फडक्यावर सुकू द्यायचं, सकाळी जोडायचं. जोडताना साच्याचं तोंड आणि मशीनचा बाक एकाच अंगाला येतोय ना बघा, उलटं जोडलं की कानात बसतच नाही. दोन मशीन असतील तर लाल खूण उजवी, निळी डावी.

गुरुजी_अंबाजोगाई

उन्हाळ्याचं माझ्याकडून. दुपारी बाहेर जायचंच असेल तर मी मशीनवर कापडी टोपडं घालतो, बाजारात मिळतं, घाम शोषतं. घरी आलो की आधी मशीन काढून पुसणं, मग पाणी पिणं. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत मशीन ठेवायची नाही, आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२-४३ होतं. कानावरून रुमाल घट्ट बांधला की शिट्टी येते आणि रुमाल सोडताना मशीन त्याच्यासोबत निघून जाते, माझी एक अशीच एसटीत गेली. तेव्हापासून रुमाल काढताना आधी एक हात कानावर.

मळणीच्या जागी, फवारणीला मशीन घालूच नका. डोक्याला तेल, पावडर, अत्तर हे सगळं आधी, मशीन शेवटी. एक्स-रे, सीटी, एमआरआयला जाताना काढून घरच्या माणसाच्या हातात. आणि केस कापताना काढून खिशात ठेवली तर सांगून ठेवा, धोतराच्या घडीत राहून धुण्यात जाते.

पैठणगेट

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशी साधनं शिबिरात देतात. दिव्यांगांसाठी एडिप योजना आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना ३००० रुपये खात्यावर, त्यात श्रवणयंत्रही बसतं, पण तेवढ्यात मशीन येईल असं समजू नका. नियम बदलतात, तहसील किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच कागद काढा. तपासणीसाठी संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभाग आहेत. रांग लागते, सकाळी लवकर जा, डबा आणि पाणी सोबत.

आणि ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळतं ते घेऊ नका. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं, कानाच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही. माझ्या आईनं एकदा घातलं, प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकून खाली बसली.

कानतपासणी_लातूर

पैठणगेट, बरोबर. एकच भर, शिबिरात मशीन मिळाली तर तिथंच घालायला, काढायला, सेल बदलायला शिकून घ्या आणि तिथल्या माणसासमोर स्वतःच्या हातानं एकदा करून दाखवा. साचा कानाच्या मापाचा करून मिळेल का हेही विचारा. साच्याऐवजी तयार रबरी टोपी लावून दिलेली मोठ्या ताकदीची मशीन बहुतेक वेळा शिट्टीच मारते.

गोदाकाठ

पाच आठवड्यांनी लिहायलोय.

आधी अण्णांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं, उजव्या कानातून मळाचा खडाच निघाला. मग दुसऱ्या ठिकाणी नवीन नळी बसवली, तिथंच सेटिंग करून घेतली, तिथल्या ताईंनी अर्धा तास दिला, स्टीलच्या ताटावर चमचा आपटून अण्णांना विचारलं, बाबा टोचतंय का, किती टोचतंय. अण्णांनी हातानं दाखवलं, एवढं. अण्णांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

गुरुजींच्या सांगण्याप्रमाणं रोज संध्याकाळी एक तास, फक्त मी आणि ते, समोरासमोर. पहिले चार दिवस बोलायला काही सुचेना, दोघांनाही. मग त्यांनी १९७२ च्या दुष्काळाचं काढलं, खडी फोडायला कुठं जायचे, सुकडी कशी मिळायची. मला यातलं अर्धं माहीतच नव्हतं. आता दीड-दोन तास होतेत.

सगळं जमलंय असं नाही. लग्नघरात बँड वाजला की काढून खिशात टाकतेत, त्याला मी काही म्हणत नाही. डाव्या कानाची मशीन सोयाबीनचे पैसे आले की घ्यायची ठरलीय.

सेल मीच बदलायचो, त्यांची बोटं थरथरतेत म्हणून. गेल्या गुरुवारी मी परभणीला होतो. सेल संपत आला की मशीन कानात टुं टुं करती, ते त्यांना ऐकू आलं. घरी कुणी नव्हतं. माझी पोरगी शाळेतून आली तेव्हा अण्णा पलंगावर बसलेले, सेल तळहातावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं, तिला हातानंच थांब म्हणाले. पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर घातला. केशरी स्टिकर कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत चिकटवला, नेमका तिथं बायकोनं दुधाचा हिशोब लिहिला होता. आता दूध आम्ही मागच्या पानावर लिहायलोत.